मदत हवी आहे : बाबांच्या सायकलला मोटर बसवायची आहे (सातारा)

नमस्कार मंडळी. आमचं घर समर्थ मंदिराजवळ. बाबा रोज सायकलवर पोवई नाक्याला जातात. जाताना उतारच आहे, पण येताना कॅरियरवर सामान आणि राजवाड्याकडचा चढ, त्यात गुडघे दुखतात. सायकल सोडायला ते तयार नाहीत आणि मलाही ती सुटू द्यायची नाही.

३६ व्होल्ट, २५० वॉटची हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी) बसवायचा विचार आहे. वेग ताशी २५ किमीच्या आत ठेवू, नोंदणीची भानगड नको. अडचण सायकलची आहे : जुनी काळी, २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक. ते ब्रेक रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने दाबतात, पण मोटरच्या किटबरोबर येणाऱ्या चाकाची रिम तशी नसते, त्यामुळे ते बसवलं की त्या चाकाचा ब्रेकच जातो. वजन आणि वेग वाढल्यावर ब्रेक चांगलेच हवेत, तिथे तडजोड नाही.

मोटर पुढे बसवावी की मागे? पुढच्या चिमट्याला टॉर्क आर्म (मोटरचा आस जागेवर फिरू नये म्हणून लावायची पट्टी) लावला तर पुरेल का? गिअरवाली हब मोटर चढाला बरी म्हणतात, कुणी सामानासकट वापरली आहे का? आणि साताऱ्यात आऱ्या नीट बांधून देणारा कारागीर कोण?