मनाली ते लेह सायकलने: पाणी किती न्यावे?

प्रश्न: पुसदजवळच्या गावातून आम्ही दोघे मित्र ऑगस्टमध्ये मनाली–लेह मार्गावर तंबूसह सायकलने जाणार आहोत. मे महिन्याच्या उन्हात रानात राबण्याची सवय असल्याने कोरड्या हवेची धास्ती नाही. मात्र वाटेवरच्या पांग या मुक्कामानंतरच्या मोरे मैदानात (उंचावरचे सपाट पठार) पाणी किती बाळगावे, हे कृपया सांगावे.

उत्तर १: मुक्काम उघड्यावर होणार असेल, तर प्रत्येकी निदान पाच लिटर ठेवावे. तिथल्या थंड वाऱ्यात घाम अंगावर दिसत नाही आणि तहानही लागत नाही, त्यामुळे ठरवून पीत राहावे.

उत्तर २: भाऊ, पाण्याआधी उंचीचा विचार करा. आपला मुलूख समुद्रसपाटीपासून जेमतेम तीन-चारशे मीटर, आणि वाटेतली टांगलांग ला ही खिंड 5,328 मीटर. तिथल्या विरळ हवेत उन्हाची सवय कामाची नाही. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. वाटेवरच्या जिस्पा या मुक्कामाहून पुढच्या सारचूला एका दमात गेल्यास हजार मीटरची उडी पडते, म्हणून जिस्पाला एक दिवस जास्त थांबावे. डोकेदुखीसोबत उलट्या झाल्या किंवा तोल जाऊ लागला, तर तडक खाली उतरावे.

उत्तर ३: तुरीची डाळ नेऊ नका. साडेचार हजार मीटरवर पाणी सुमारे 85 अंशांनाच उकळते. कुकर नसेल तर डाळ टणकच राहते आणि इंधन मात्र संपते. सातूचे पीठ, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे पुरेत.