विषय: खालच्या ड्राइव्हमधली डीव्हीडी निघत नाहीये (शुक्रवारी माझं विमान!)

सोमवार, नाशिकहून
मंडळी, तातडीचं आहे. आपल्या २०११च्या गणपतीतल्या नाटकाची ती डीव्हीडी दादाच्या मॅक प्रोत, म्हणजे ॲपलच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये, अडकलीय. एकावर एक दोन ड्राइव्ह. कीबोर्डवरून उघडायला गेलं की वरचा ट्रे बाहेर येतो, रिकामा. खालचा ढिम्म. दारावर बटणही नाही. दादा दुबईत, फोन उचलत नाही.
— सांस्कृतिकवाली, मु. पो. गंगापूर रोड

उत्तर:
कीबोर्डवरची ऑप्शन की धरून इजेक्ट की दाब. नुसतं इजेक्ट म्हणजे वरचा, ऑप्शनसकट म्हणजे खालचा. २००६ ते २०१२च्या मॅक प्रोंना हेच. २०१३च्या नळकांड्यासारख्या मॅक प्रोत ड्राइव्हच नाही, प्रश्नच मिटला.
— वेबसाइटवाला (इथे रात्रीचे अडीच वाजलेत, बरं का)

उत्तर:
मूळ प्रश्न वेगळा आहे. मंडळाची डीव्हीडी नाशिकला गेलीच कशी? कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. वहीत नोंद नाही.
— माजी खजिनदार

उत्तर:
काका, तुम्हीच दिलीत. मार्चमध्ये, पार्किंगमध्ये, पोह्यांचं पातेलं गाडीत ठेवताना. असो.
वेबसाइटवाले दादा, इजेक्ट की आहे कुठे? मूळच्या कीबोर्डवर चहा सांडला, म्हणून बाबांनी एम. जी. रोडवरून साधा विंडोजचा आणला. एफ१२ दाबून धरते, त्याने वरचाच उघडतो.

उत्तर:
एम. जी. रोडला कशाला? शालिमारला पन्नास रुपये तरी सुटले असते. आणि एवढा घोळ कशाला घालता, टाचणी घ्या, भोकात खुपसा. माझ्या जुन्या पीसीत सत्यनारायणाच्या आरत्यांची सीडी अशीच काढली होती.
— पंचवटीवाले काका

उत्तर:
काका, तुमच्या पीसीत भोक समोरच दिसतं, इथे ड्राइव्ह झडपेआड आहे. टाचणी वाकते, पेपरक्लिप सरळ करून घ्यावी लागते, आणि तीही मशीन पूर्ण बंद करून. फिरत्या डिस्कवर ओरखडा पडला तर नाटक गेलं. तो शेवटचा उपाय.
ताई, आधी डीव्हीडी प्लेअर बंद आहे ना बघ. चालू असेल तर तो डिस्क सोडत नाही. मग फाइंडरमधून सिस्टिम, लायब्ररी, कोअरसर्व्हिसेस, मेनू एक्स्ट्राज असं आत जा आणि 'इजेक्ट' नावावर डबलक्लिक कर. वरच्या पट्टीत घड्याळाजवळ छोटा त्रिकोण येईल. तो दाबला की दोन्ही ड्राइव्ह वेगवेगळे दिसतात.
डिस्क लगेच काढू नकोस. आधी डिस्क युटिलिटीतून तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, करून ठेव. घरी बर्न केलेल्या डीव्हीडीचा भरवसा नाही.
— वेबसाइटवाला

उत्तर:
सत्यनारायणाची आरती चांगली होती का? आम्हाला पूजेला हवी आहे.
— वहिनी, भाग्यनगर बिल्डिंग

बुधवार, नाशिकहून
निघाली! प्लेअर मागे उघडाच होता. इमेज झाली, मग त्रिकोणातून खालचा ट्रे सुळकन बाहेर. डिस्कवर मार्करने लिहिलंय: 'नाटक, भाग २'.

उत्तर:
वहीत नोंद मिळाली. डीव्हीडी, २ नग. दुसरा नग कुठे आहे?
— माजी खजिनदार

उत्तर:
वरचा ट्रे रिकामा आहे, काका. तीनदा उघडून बघितला.