नायजेरियाने वर्गातून मातृभाषा काढली: बरोबर की चूक?

वाटाड्या
नोव्हेंबर २०२५ मध्ये नायजेरियाचे शिक्षणमंत्री टुंजी अलौसा यांनी २०२२चं भाषा धोरण रद्द केलं. पहिली सहा वर्षं मुलांना मातृभाषेतून किंवा परिसराच्या भाषेतून शिकवावं, असं ते धोरण होतं. आता बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत माध्यम इंग्रजी. पाचशेच्या वर भाषांचा देश हा!

मंत्र्यांनी दिलेलं कारण काय, तर मातृभाषेत शिकवणाऱ्या भागांतली मुलं शालान्त परीक्षेत नापास होतात. २०२२ला पहिलीत बसलेलं पोर २०२५ला जेमतेम चौथीत. त्याने शालान्त परीक्षा दिली कधी?

उलट पुरावा त्यांच्याच देशात आहे. १९७० साली शिक्षणतज्ज्ञ बॅब्स फाफुनवा यांच्या पुढाकाराने इफे विद्यापीठाने एका प्राथमिक शाळेत सहाही वर्षं गणित, विज्ञान, सगळं योरुबा या तिथल्या भाषेतून शिकवलं. इंग्रजी फक्त विषय म्हणून, पण त्याला खास शिक्षक. ती मुलं बाकी विषयांत सरस ठरली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत.

खाडीपलीकडे
वाटाड्या, इफेच्या त्या वर्गात सगळी योरुबा मुलं होती. मी नोकरीसाठी मध्य नायजेरियातल्या जॉस शहरात राहिलोय. तिथल्या एका बाकावर बेरोम, न्गास, तारोक आणि दुकानदार इग्बोचं पोर शेजारी शेजारी बसतं. मास्तर पाचव्याच भाषेचे. अशा ठिकाणी 'परिसराची भाषा' म्हटलं की व्यवहारात उत्तरेची मोठी भाषा हौसा येते. २००१ साली ज्या शहरात बेरोम आणि हौसा वस्त्या दंगलीत होरपळल्या, तिथल्या बेरोम आईबापाला आपलं लेकरू हौसातून शिकवा म्हणून सांगून बघा.

ईशान्येतल्या बोर्नो राज्यातही घरी कानुरी बोलणाऱ्या मुलांना अनेक ठिकाणी हौसातून शिकवतात. बाउची राज्यातली अजावा भाषा आज उरलेली नाही, तिचे लोक हौसा बोलू लागले. म्हणजे लहान भाषांना धोका शेजारच्या मोठ्या भाषेचा आहे. त्या भागात इंग्रजी कुणाचीच नाही, म्हणून ती सगळ्यांना चालते.

मेधा_लागोस
मग पिजिन, म्हणजे इंग्रजीवरून तयार झालेली इथली बोली, का नको? मी इथल्या बाजारात मासळीचा भाव 'हाउ मच बी दिस फिश?' असाच करते. कोळीण योरुबा असो की इजॉ, पुढचं सगळं बोलणं त्यातच होतं. बीबीसीने २०१७ पासून पिजिनमध्ये बातम्या सुरू केल्यात. शाळेत मात्र ती बोललं की मुलांना ओरडा. काही खासगी शाळांत तर योरुबा बोललं तरी दंड, आणि तेही २०१८ साली लागोस राज्याने शाळांत योरुबा सक्तीची करण्याचा कायदा केल्यावर!

खाडीपलीकडे
मेधाताई, दक्षिणेत ठीक. उत्तरेत कानो-सोकोटोकडच्या खेड्यात पिजिनही परकीच.

वाटाड्या
आणि त्याच खेड्यात इंग्रजी परकी नाही का? मास्तर फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहितात, मुलं एका सुरात म्हणतात, अर्थ शेवटी हौसातच सांगावा लागतो. ज्यांच्या घरी इंग्रजी आहे त्यांच्यापुरतीच ती तटस्थ.

अजावाचं दुःख मलाही आहे. पण हौसाला अडवायला बेरोमच्या हातात काय द्यायचं? पुस्तक! ते होऊ शकतं. १९७०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ के विल्यमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिव्हर्स राज्यातल्या वीसेक भाषा-बोलींत वाचनपुस्तकं तयार केली, काहींची लेखनपद्धतीसुद्धा तेव्हाच बसवली. घानाच्या शिक्षणमंत्र्यांनी तर ऑक्टोबर २०२५ मध्येच शाळांत मातृभाषा वापरण्याचे आदेश दिले. महिन्याच्या आत दोन देश दोन दिशांना गेले!

खाडीपलीकडे
वाचनपुस्तक वेगळं, सहावीपर्यंतचं गणित-विज्ञान वेगळं. ते शिकवायला शिक्षक कुठून आणणार? १९७७च्या शिक्षण धोरणातही सुरुवातीची वर्षं मातृभाषेत म्हटलं होतं. इतक्या वर्षांत किती भाषांना शिक्षक मिळाले?

वाटाड्या
शिक्षक तयार केले नाहीत, हा भाषेचा गुन्हा कसा? शिक्षा मात्र भाषेला!

खाडीपलीकडे
हे मान्य. माझा विरोध बेरोमला नाही, राजधानी अबुजाहून येणाऱ्या एकाच हुकमाला आहे, मग तो मातृभाषेचा असो की इंग्रजीचा. देशात ७७४ स्थानिक सरकारं आहेत. निर्णय त्यांच्या आणि पालकांच्या हाती द्या. जॉसमध्ये बालवाडी बेरोममधून आणि पहिलीपासून इंग्रजी हवी असेल तर तसं होऊ द्या. इफेला सहा वर्षं योरुबा हवी असेल तर त्यांना ती मिळू द्या. पण हौसा माध्यमाला जॉसमध्ये माझा विरोध कायम राहील.