मदत हवी आहे: बीपी असताना चालण्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या सुधारतात का?

बाबांचं बीपी बरीच वर्षं १५०/९५ च्या आसपास, गोळी चालू आहे. सततच्या दाबाने मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड, ताठ होतात, आतली वाट अरुंद होते, इथपर्यंत कळलं. भरभर चालणं, सायकल, पोहणं यांमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं आणि त्या सैलावतात, हेही वाचलं. (आठवड्याला १५० मिनिटं म्हणतात, बाबा जेमतेम ६० वर, तेही कुरकुरत.)

अडतंय ते इथे: आधीच ताठरलेल्या वाहिन्या पुन्हा लवचीक होतात, की फक्त पुढची हानी थांबते? शिवाय व्यायाम करताना वरचं बीपी चढतंच. सध्या चालता चालता बोलता येईल इतकाच वेग ठेवलाय. वाढवू का? कुणी डॉक्टर किंवा फिजिओ असाल तर प्लीज सांगा.