रानपिंगळा, वनपिंगळा, जंगली पिंगळा: पक्षी नेमके किती?

घुबडाच्या जातीतला छोटा 'रानपिंगळा' म्हणजे नक्की कोण? कुणी तोरणमाळ-मेळघाटातल्या दुर्मीळ पक्ष्याला हे नाव देतं, कुणी 'जंगल आउलेट'ला. आणि 'वनपिंगळा' हा आणखी तिसरा का?

---

वनपिंगळा तिसरा नाही. 'फॉरेस्ट आउलेट'लाच रानपिंगळा किंवा वनपिंगळा म्हणतात. 'जंगल आउलेट'साठी 'जंगली पिंगळा' वापरावं. इंग्रजीतल्या 'फॉरेस्ट' आणि 'जंगल' या दोन्हींना मराठीत रान चालतं, तिथेच घोळ होतो.

नावावर विसंबू नका, डोकं बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके. जंगली पिंगळ्याच्या अंगभर बारीक आडव्या रेघा, डोकंही त्यातून सुटत नाही. रानपिंगळ्याचं डोकं मात्र जवळजवळ कोरं, छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे. तिघेही वीतभरच, त्यामुळे आकारावरून काही कळत नाही. शिवाय रानपिंगळा दिवसाढवळ्या वावरतो. सकाळी सागाच्या निष्पर्ण फांदीवर उन्हात बसलेला असतो आणि आपण घुबड म्हणून ढोलीत डोकावत बसतो!

---

आमच्याकडे 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. त्यामुळे 'रानात पिंगळा बघितला' असं कुणी म्हणालं की तो बहुधा बांधावरच्या झाडातला साधा ठिपकेवाला असतो. म्हणून मला 'वनपिंगळा' बरा वाटतो. वनात कुणी नांगर धरत नाही.

---

मुद्दा पटला, पण 'रानपिंगळा' आता रुळलाय. १८७३ साली ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ह्यूमने या पक्ष्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर खात्रीचा नमुनाच (संग्रहालयात जपलेला पक्षी) नाही. मधे माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने १९१४ चा, गुजरातेतला म्हणून एक नमुना दाखवला होता, तो संग्रहालयातून चोरलेला निघाला. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना शहाद्याजवळ जिवंत पक्षी दिसला. खोट्या नोंदीच्या मागे गुजरातेत शोधत बसले असते तर अजून किती वर्षं गेली असती कोण जाणे.

---

आणि पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा? तोही यातलाच?

---

तो माणूस. 'पिंगळ' म्हणजे पिवळसर तपकिरी, पक्ष्याचं नाव त्या रंगावरून. पक्ष्याची बोली कळते म्हणून त्या भिक्षेकऱ्यालाही तेच नाव, असं सांगतात. त्याला ओळखायला डोकं बघावं लागत नाही, हातातला कंदील पुरतो.