नदीचं पाणी तपासता, मग ती वाहते किती तेही मोजा

गोदाकाठ, नांदेड
आपल्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या पाण्याचा अहवाल आला की आपण बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचा, आकडा बघतो. त्या दिवशी नदीत पाणी किती होतं, हे कोणी विचारत नाही. मे महिन्यात पैठणच्या खाली नदी कुठं उरते? बंधाऱ्यांमागचे डोहच उरतात. ऑगस्टात पाणी शंभरपट असताना आकडा तेवढाच आला, तर घाण शंभरपट वाहून आली! प्रवाह आणि गुणवत्ता एकाच जागी, एकाच दिवशी मोजली पाहिजे.

परभणीकर
नाला डोळ्यांना दिसतो, वास घरात येतो, मोजायचं काय त्यात? अंघोळीच्या पाण्याचा बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर नको, हे ठरलेलंच आहे. नमुना 27 अंशांवर 3 दिवस ठेवल्यावर निकाल लागतो, तोवर ते पाणी कुठल्या कुठं गेलेलं असतं. मोजण्याचा तो पैसा सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राला द्या.

गोदाकाठ
केंद्र बांधलं, पण ते चालतंय का हे कशावरून कळणार? नाल्याच्या वर आणि खाली मोजल्यावरच ना? शिवाय वेळेचंही बघा. हिरव्या साचलेल्या पाण्यात दुपारी शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं. आमच्या घाटावर पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेताना मी बघितलेत. दुपारी बाराचा नमुना मात्र पास होतो.

दुधनाकाठचा शेतकरी
दादा, मोजमाप आलं की पहिली आमची मोटार बंद होते. टंचाईत आमच्या डीपीची वीज तोडली, उभा ऊस वाळला. वरच्या धरणांची दारं मोजा आधी.

गोदाकाठ
भाऊ, तुमचं दुःख खरं आहे. पण वरून पाणी मागायला आपल्या हातात आकड्याशिवाय दुसरं काय आहे? वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी कधी सोडायचं हे सांगणाऱ्या मेंढेगिरी समितीचं सूत्रच बघा, 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडायचं. आणि मोजायला फार काही लागत नाही. आम्ही पूर्णेवर 20 मीटरच्या सरळ पट्ट्यात संत्रं सोडलं, 50 सेकंद लागले. तळाचं पाणी हळू चालतं म्हणून वेग 0.85 ने गुणला. पात्र 12 मीटर रुंद, खुणा केलेल्या बांबूनं सरासरी खोली अर्धा मीटर भरली. सेकंदाला साधारण 2 घनमीटर, म्हणजे सत्तरेक क्युसेक.

परभणीकर
संत्र्यावर कोणी अधिकारी विश्वास ठेवणार नाही.

गोदाकाठ
न ठेवू दे. तारीख, वेळ, फोटो लावून वर्षभर नोंदी केल्या, तर त्यांना यंत्र घेऊन यावं लागेल.

दुधनाकाठचा शेतकरी
मोजा मग. पण आकडा आमच्या पारावरच्या फळ्यावर रोज लिहा. तहसिलीच्या कपाटात गेला तर आमच्या काय कामाचा? आणि सोडलेलं किती, पोचलेलं किती, दोन्ही लिहायचं.