'सिन्स' की 'फॉर'? आणि क्रियापद कोणतं?

प्रश्न: 'मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय' याचं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असं भाषांतर केलं, तर ते चूक ठरवलं गेलं. नेमकं काय चुकलं?

उत्तर १: दोन गोष्टी. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'पाच वर्षांपासून' दोन्हीकडे 'पासून'च येतं, म्हणून गफलत होते. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स' (सिन्स मंडे, सिन्स 2019), मोजलेला काळ सांगायचा तर 'फॉर' (फॉर फाइव्ह इयर्स). दुसरी चूक क्रियापदाची, आणि तीच जास्त चिवट. आपण 'करतोय' म्हणतो म्हणून 'ॲम वर्किंग' सुचतं. पण पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला 'हॅव बीन वर्किंग' लागतं. बरोबर वाक्य: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.'

उत्तर २: एक भर. नो (ओळखणं), लाइक, बिलीव्ह अशा स्थितिदर्शक, म्हणजे कृती नव्हे तर स्थिती सांगणाऱ्या, क्रियापदांना 'बीन' आणि 'इंग' लावू नका. 'आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स' एवढंच.

प्रश्नकर्ता: म्हणजे 'फॉर' दिसलं की 'हॅव' हवंच?

उत्तर १: नाही, हा नियम कृपया असा पाठ करू नका. नोकरी सोडली असेल तर 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स'. काळ संपला, म्हणून साधा भूतकाळ. 'सिन्स'नंतर पूर्ण वाक्य आलं तर त्यातही बहुधा साधा भूतकाळच असतो: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स आय गॉट मॅरिड.'